फ्रिजमागची जागा

२ मार्च

कॅरॅव्हॅनमधला, आमच्या चाकांवरच्या घरातला, फ्रिज काही केल्या निघेना! दिसणारे चार स्क्रू काढले तरी हलायचं नाव नाही. शेवटी कपाटाच्या आतल्या बाजूने हात फिरवला — प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली आणखी दोन लपवलेले. ज्याने बसवला त्याला एक सलाम आणि दोन शिव्या.

सिलिंडर आधीच बाहेर काढून ठेवला होता. तारा सोडवण्यापूर्वी प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. घाई नाही. घाई करणारे लोक मिस्त्री बोलावतात.

जुना फ्रिज बाहेर आल्यावर आतलं काम पाहिलं. अरारा! फ्रिजची कड आणि कपाटाच्या भिंती यांच्यामध्ये चहूबाजूंनी राखाडी चिकट पट्टी, त्यावर वाळकं रबर कोंबलेलं. लहान मुलाने चिखल थापावा तसं. पटाशीने सगळं खरवडलं, स्पिरिटने पुसलं. लाकूड आता कोरं दिसतंय.

ही चहा घेऊन कॅरॅव्हॅनच्या दारात. "नवीन बसेल ना हो नीट?"

बसेल काय — बसवीन!

५ मार्च

नवा आला. जुन्यासारखाच — वीज, बॅटरी, गॅस, तिन्हीवर चालणारा. रानात मुक्काम असला की गॅसवर ठेवायचा. मागे खाली इवलीशी ज्योत जळते आणि तिच्या धगीवर फ्रिज गार होतो. आगीने बर्फ! मला अजून मजा वाटते याची.

जुन्यापेक्षा हा दोन बोटं उथळ आहे. त्यामुळे ज्योतीचा धूर बाहेरच्या जाळीपर्यंत नेणारी छोटी नळी जाळीला टेकत नाही. तेवढ्याने काय होतंय? समोर जाळी आहे, धूर जाईल. त्याला दुसरं काम काय.

पण हवेचा विचार करायला हवा. फ्रिज कोंडला की तापतो, हे स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरून शिकलोय. म्हणून फ्रिजच्या वर, खोलीच्या बाजूने लावलेल्या फळीला गोल भोकं पाडली. कर्कटकाने आखून. तीन ओळी, मधली अर्ध्या घराने सरकवलेली. प्रत्येक भोक आतून बारीक पॉलिशपेपरने घासलं, कडेला पांढरा रंग. दुकानातून आणलेली जाळी वाटावी!

ही म्हणाली, "नक्षीच केलीत की." तिचा बिछाना बरोबर त्याच्यासमोर येतो. झोपताना बघायला बरं, म्हणाली.

८ मार्च

मेहुणा आला. गॅसच्या जोडण्यांची कामं करतो, म्हणून हिने भावाला परस्पर बोलावलं. मला न विचारता.

आल्याआल्या सुरू. "दाजी, ऑपरेशन तुम्ही केलंत, आता टाके तरी मला घालू द्या!" साबणाचं पाणी लावून नळीचे सांधे तपासले. एक बुडबुडा नाही. मी हाताची घडी घालून उभा. काय ते चेहरा बोलला असेल.

निघताना म्हणाला, "मागून सगळं पॅक केलंत ना? कडेकडेनं?"

फ्रिज तेव्हा बसवून झालेला, स्क्रू आवळलेले. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. केलंय."

कशाला पॅक करायचं ते मात्र मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

१५ मार्च, तळ्याकाठी

गॅसवर झकास चालतोय. बर्फ झाला! रात्री थंडी फार, खिडक्या गच्च लावून झोपलो. मला गुदमरल्यासारखं होतं म्हणून माझ्या उशाची तेवढी बोटभर उघडी.

सकाळी हिचं डोकं दुखतंय. रात्री दिव्याजवळ वाचत बसते, दुसरं काय.

१६ मार्च

आजही डोकं. एकदा उलटी. दिवसभर तळ्यावर खुर्ची टाकून बसली तेव्हा बरी होती. म्हटलं, चष्मा बदल.

२३ मार्च

दुसरी फेरी. पुन्हा तेच. उठली ती भिंत धरून. डोळ्यांसमोर अंधारी येतेय म्हणाली. आणि मी — लिहून ठेवतो, शब्द जसे होते तसे — मी म्हणालो, "तुला गाडी नकोच असेल तर सरळ सांग. डोकं कशाला मध्ये आणतेस?"

तिने कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले. परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होती.

२६ मार्च

घरी येऊनही हिचा चेहरा उतरलेला. गप्प गप्प असते. मुलीशी फोनवर हळू बोलते, मी आलो की "ठेवते" म्हणते. माझी गाऱ्हाणी चालली असणार.

२८ मार्च

डोकं अजून जड आहे, अक्षर वाईट येणार.

सकाळी कॅरॅव्हॅनमध्ये पडद्याची पट्टी बसवायला गेलो. बाहेर वारं सुटलेलं म्हणून दार-खिडक्या लावल्या. फ्रिज गॅसवर चालू करून ठेवला — किती वेळात गार होतो ते बघायला. तासाभराने कपाळ ठणकायला लागलं. मग मळमळ. स्टुलावरून उतरताना पाय भलतीकडे पडला. दार उघडून पायरीवर बसलो. हळूहळू उतरलं.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी काय केलं? पाणी प्यायलो आणि पुन्हा आत गेलो.

समोर माझी नक्षी. भोकांच्या पांढऱ्या कडांवर पिवळट-काळी झाक. रंग माझाच, हाताला ओळखीचा — तो असा नव्हता. बोट फिरवलं, काजळी लागली. कागदाची पातळ पट्टी धरली भोकासमोर. खोलीच्या दिशेने उडत होती.

वारा बाहेरच्या जाळीतून आत शिरतो. नळी जाळीला टेकत नाही. म्हणजे धूर मागच्या पोकळीत. आणि पोकळी आणि खोली यांच्यामध्ये जे काही होतं — ती राखाडी पट्टी, तो चिखल, ते गचाळ काम — ते मी खरवडून, वर स्पिरिटने पुसून टाकलेलं. तेवढ्याने भागलं नाही म्हणून भोकं पाडली. कर्कटकाने आखून!

मी तिच्या उशाशी धुराडं बसवलं. आणि तिला म्हणालो, चष्मा बदल.

नव्या फ्रिजचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. तिसऱ्याच पानावर चित्र आहे. काळ्या जाड रेषेने दाखवलंय — इथून हवा खोलीत येता कामा नये. या विषारी हवेला वास नसतो, अशी चुकी करून लोक झोपेतच गेलेत, असंही लिहिलंय.

झोपेतच.

२९ मार्च

फ्रिज पुन्हा काढला. नळीला जोड देऊन जाळीला घट्ट बसवली. कडेने न जळणारी पट्टी, दोन थर. भोकांच्या जागी अख्खी नवी फळी. विषारी हवा झाली की ओरडणारं यंत्र आणलं. दुकानदाराने विचारलं, आतापर्यंत नव्हतं? मी म्हटलं, जुनं बिघडलं.

दिवसभर गॅसवर चालवला, आत बसून राहिलो. यंत्र गप्प.

ही आली बघायला. "अय्या, नक्षी का काढलीत?"

"धूळ येत होती."

किती पटकन आलं तोंडात! आयुष्यभर सराव असल्यासारखं.

५ एप्रिल

म्हटलं, चल तळ्यावर. आता छान वाटेल तुला.

"तुम्ही जा. मी नाही येत यापुढे." रागाने नाही. एखाद्याने दुकान बंद केल्याचं सांगावं तसं.

गाडी आता सुरक्षित आहे हे मी तिला कसं सांगू — आधी नव्हती हे सांगितल्याशिवाय?

८ एप्रिल

मेहुणा आला होता. आतलं सगळं पाहिलं. नवी फळी, यंत्र. त्याला कळलं असणार. मी टोमण्याची वाट बघत उभा. एरवी त्याने माझी सालटी काढली असती.

एक विनोद नाही. जाताना माझा खांदा धरला. म्हणाला, "दाजी, ताईला जपा हो जरा." डोळे लाल.

मला वर बघवेना. तो जाईपर्यंत पाना पुसत राहिलो.

९ एप्रिल

सांगायचंच ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ती मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. कशात काय आहे, तुम्हाला सापडत नाही ना, म्हणून — असं म्हणाली. मी म्हटलं, जरा पाणी दे. पाणी पिऊन परत आलो!

मिस्त्रीच्या चुका मी चारचौघांत, बोट ठेवून दाखवत आलो. मोठ्या आवाजात. आणि आता माझ्या तोंडातून एक वाक्य निघत नाही.

११ एप्रिल

आज शेवटी सांगितलं. तिला हाताला धरून कॅरॅव्हॅनमध्ये नेलं, फळी काढून मागची जागा दाखवली. कुठून काय खरवडलं, नळी कुठे तोकडी पडली, भावाला काय थाप मारली, धुळीचं काय खोटं बोललो. काही गाळलं नाही.

वाटलं होतं ओरडेल. ती बिछान्याच्या कडेवर बसली. नव्या पट्टीवरून बोट फिरवलं.

मग म्हणाली, "म्हणजे मला आईसारखं नाही झालेलं?"

सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. सकाळचं डोकं, उलट्या, अंधारी. डोक्यात गाठ निघाली आणि चार महिन्यांत गेल्या. मला आठवलंसुद्धा नाही.

उद्या हिच्या डोक्याची तपासणी आहे. मुलगी सोबत जाणार होती, भाऊ गाडी घेऊन येणार होता. सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, नाटकं करते."

म्हणालो असतो.