म पासून पुढचे सगळे कालकथित

वरवट बकाल,
मंगळवार, सकाळी

आदरणीय महादेवदादांस,

धाकट्या उकंड्याचा हात जोडून जयभीम. इकडे सर्व ठीक. आपली तब्येत कशी आहे? दरवेळी पत्राच्या सुरुवातीला हे विचारायचं म्हणून विचारतो, पण यावेळी उत्तर खरंच पाहिजे आहे, आणि ते तुमच्या हातचं पाहिजे आहे. शनिवारी लग्नपत्रिकेचा फोटो तुम्हाला मोबाईलवर पाठवला तेव्हापासून तुम्ही फोन उचलत नाही. फोटोखाली निळ्या खुणा मात्र दिसतात, म्हणजे तुम्ही पाहिला आहे. म्हणून हे पत्र बुलढाण्याच्या एसटीच्या वाहकाजवळ देतो. रविवारी आपल्या रवीचं लग्न. त्याच्या बाजूला वडिलांच्या जागी तुम्ही उभे राहायचं ठरलेलं आहे, आणि गुलाबदादाच्या माघारी ती जागा भरणारं घरात दुसरं कोणी नाही. मी आहे, पण माझ्या अंगावर कोट शोभत नाही. तुम्ही आलाच नाहीत तर रवी एकटा उभा राहील, या एका भीतीने मी हे लिहितो आहे.

झालं ते नीट सांगतो. पत्रिकेत एकतीस निमंत्रकांची नावं टाकायची होती. आपल्या घराची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, आधी हयात माणसं मानाप्रमाणे, आणि खाली गेलेली माणसं, कारण गेलेल्यांनीही लग्नाला बोलवावं अशी आपल्या बाबांची इच्छा. असणाऱ्यांना आयुष्यमान, गेलेल्यांना कालकथित. गेलेल्यांची कधी तक्रार नसते. हयातांचा मान लावता लावता मात्र माझा जीव जातो. (मागच्या लग्नात आपल्या एका चुलतभावाचं नाव त्याच्या धाकट्याच्या खाली आलं, तर तो मांडवापर्यंत येऊन जीपमधून उतरलाच नाही. जेवला जीपमध्ये, पुरणपोळी दोनदा मागवली, आणि काचेतूनच टाळ्या वाजवल्या.) यावेळी मी जाकीरभाईच्या दुकानात सात वेळा यादी बदलून नेली. आठव्या वेळी तो की-बोर्डवरून हात काढून म्हणाला, "काका, तुमी बाजूले बसा. मी याले एक्सेलमंदी टाकतो अन् अ पासून लावून देतो. हे मशीन हाय, याले भाऊबंदकी समजत नाई."

दादा, मी त्याच्या मागे उभा होतो म्हणून सांगतो. एका रकान्यात त्याने प्राचार्य, डॉक्टर, आयुष्यमान, कालकथित वगैरे लिहिलं होतं, शेजारच्या रकान्यात नावं. त्याने नावांचा रकाना निळा केला. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. जाकीर म्हणाला, "हे नेहमीच इचारते, याच्या नादी लागाचं नसते." आणि बटण दाबलं. मी चष्मा नाकावर सारेपर्यंत एकतीस माणसं जागच्या जागी उठून आपापल्या ठिकाणी जाऊन बसली होती. कोणी कोणाला ढकललं नाही, कोणी रुसलं नाही, कोणी जीपमध्ये बसलं नाही. जे आपल्या घरात चाळीस वर्षांत कोणाला, अगदी तंटामुक्ती समितीलाही, जमलं नाही ते त्या डब्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं. मी जाकीरला म्हटलं, अजून एकदा कर. त्याने पुन्हा केलं. तीच बैठक. माझ्या अंगावर काटा आला आणि मी नकळत त्या पडद्याला हात जोडले. (जाकीर हसला नाही. त्याच्याकडे रोज कोणीतरी जोडत असेल.)

आणि दादा, खरं सांगतो, लपवत नाही. वर पाहिलं तर पहिली आपली चुलतबहीण अन्नपूर्णाबाई, आणि दुसरा मी. उकंडराव. तुमच्या नि गुलाबदादाच्या पाठची दोन लेकरं गेली म्हणून आईने मला जन्मल्या जन्मल्या उकंड्यावर ठेवून उचललं आणि उकिरड्याचंच नाव दिलं, की मरणालाही घ्यावंसं वाटू नये. नाव फळलं, मी जगलो. पण यादीत मी नेहमी हयातांच्या तळाशी, कारण उकंड्या रुसत नाही, त्याला कुठेही टाका. आणि या मशीनला माझ्या नावाचा अर्थच ठाऊक नाही. त्याने फक्त पहिलं अक्षर पाहिलं. बासष्ट वर्षांत मला इतकं सरळ कोणी पाहिलं नव्हतं. पाव तास मी त्या दुसऱ्या ओळीकडेच बघत होतो.

तिथेच चूक झाली. जाकीरने नमुना दिला, तो मी घरोघर फिरवला, सगळ्यांनी पाहून सही केली. पण आपल्या घरचा माणूस पत्रिकेत एकच गोष्ट बघतो, आपलं नाव कोणाच्या खाली आलं. डावीकडे कोणीच पाहिलं नाही. नावं हलली होती, पदव्या जागच्या जागीच बसल्या होत्या. पाचशे पत्रिका छापून आल्यावर कळलं की शाळेत खिचडी शिजवणारी अन्नपूर्णाबाई प्राचार्य झाली आहे आणि चौथी पास मी डॉक्टर. (काल दोन जण गुडघा दाखवून गेले. मी शेकायला सांगितलं.) आणि तेविसाव्या ओळीपासून पुढे जे कोणी आले, म्हणजे म पासून ह पर्यंतचे, ते सगळे कालकथित. त्यात आपल्या घरचा पोरगा संघर्षही गेला, जो परवाच पोलीस भरतीच्या धावण्यात पहिला आला. आणि दादा, त्या तेविसाव्या ओळीवर तुम्ही आहात.

जाकीर खाली मान घालून बसला आहे. म्हणतो, "काका, गलती माही हाय, कागद माह्या घरचा. तुमी फकस्त हो म्हना, उद्या सांजलोक पाचशे नव्या काढून देतो." तेव्हा आपण राग सोडावा. तुमचा एक फोन आला की नव्या पत्रिकेत तुम्ही पुन्हा पहिले, प्राचार्यासकट, आणि मी माझ्या जुन्या जागी. वहिनींना जयभीम.

आपला आज्ञाधारक,
उकंडराव

ता. क. – वाटलेल्या पत्रिका पाहून तुमच्याकडे कोणी पडलेल्या चेहऱ्याने आलं तर चहा पाजूनच पाठवावं. इथून निदान तिघं तरी निघाले आहेत असं कळतं.

ता. क. २ – वर नव्या पत्रिकांचं लिहिलं खरं, पण पत्र बंद करायच्या आधी रवीच्या आईकडे, केसरवहिनीकडे, जुन्या पत्रिका परत मागायला गेलो होतो. तिने एक हातात धरली होती. गुलाबदादाचं नाव ग चं, म्हणून ते वर गेलं, आणि त्याच्यापुढे आयुष्यमान आलं. ती त्या ओळीवर बोट ठेवून होती. म्हणाली, "धा वर्सानं कोनं तरी त्याइले जितं लिवलं, भाऊजी. राहू द्या न." मी पत्रिका मागितल्या नाहीत. नवी छापली की तो पुन्हा जाईल, आणि यावेळी तो माझ्या हाताने जाईल. म्हणून दादा, फोन करू नका. रविवारपर्यंत तुम्ही कालकथितच राहा. तुम्हाला काय, तुम्ही कोट घालून मांडवात आलात की सगळ्यांना दिसालच. गुलाबदादाला तेवढं जमायचं नाही.