पुलापर्यंत जाणारी गाडी

हे मृत्युपत्र मी माझ्या वडिलांच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी म्हटले तर ते खरे मानू नये. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही असेही यात लिहावे लागते. वकीलबाई म्हणाल्या, ते वाक्य हवेच. मला सर्वांत जास्त वेळ त्याच वाक्याला लागला. शेवटी एवढेच लिहिते की या खोलीत आत्ता माझ्याशिवाय कोणी नाही, आणि दाराची कडी मी आतून लावली आहे.

पहिला मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "अहो, हे मृत्युपत्र आहे, निबंध नाही. निम्मं तरी कापा."

मी म्हटले, "कॉन्व्हेंटमध्ये मला निबंधालाच बक्षीस मिळायचं. कापू नका."

त्या हसल्या आणि त्यांनी लाल पेन पर्समध्ये ठेवून दिले. म्हणून हे असे लांबले आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी कलमांची पहिली ओळ वाचून पुढे जावे.

कलम पहिले. राहते घर. हे घर माझ्या वडिलांनी बांधले आणि माझ्या नावावर केले. माझ्या पश्चात माझे पती, ज्यांचा उल्लेख यापुढे 'हे' असाच होईल, कारण आजवर तसाच होत आला आहे, हयात असेपर्यंत पुढच्या खोलीत राहतील. त्यांची खाट खिडकीपासून कोणीही हलवू नये. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून ती खिडकीच त्यांचे फिरणे आहे. त्यांच्यानंतर घर आमच्या चिरंजीवांचे, फक्त कलम दुसरे सोडून.

घरातील कुलपांबद्दल लिहायला हवे. कपाट, गच्चीचे दार, मागचा जिना, फराळाचा डबा, आणि जुन्या काळी टेलिफोनची तबकडीसुद्धा: सगळ्यांना यांनी कुलपे लावली, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. हे माणूस म्हणून वाईट नाहीत. कधी हात उगारला नाही, आवाजही क्वचितच चढवला. माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेले मला आठवतात. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. मीही त्या गोष्टींपैकीच एक होते, हे मला फार उशिरा कळले.

कलम दुसरे. माडीवरची खोली आणि मागचा जिना माझ्या सुनेला. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी, कोयंडा किंवा कुलूप बसवू नये. आतून काय लावायचे ते तिचे तिने ठरवावे.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक. तीतून प्रथम यांचे औषधपाणी आणि सकाळी येणारी परिचारिका. जे उरेल ते पुलापलीकडच्या माझ्या शाळेला, तिथला पियानो वेळच्या वेळी सुरात लावून घेण्यासाठी. दुसऱ्या कशासाठी नाही. का, ते पुढे येईल.

कलम चौथे. गाडी माझ्या सुनेला. माझी सगळी मालमत्ता एका पारड्यात आणि ही दुसऱ्या पारड्यात असे मी मानते, म्हणून इथे थोडे जास्त लिहिते.

बाबांची ही परदेशी बनावटीची लांब काळी गाडी. अक्रोडाच्या लाकडाची फळी, तीत बसवलेले गोल घड्याळ, आणि उन्हात तापल्यावर येणारा कातड्याचा वास. मागच्या सीटवर बसले की बाबांच्या टोपीची फक्त कड दिसे. याच गाडीवर त्यांनी मला चालवायला शिकवले. "क्लच हळू सोड गं, मांजर खाली ठेवतेस ना, तसा," असे म्हणायचे. त्यांच्या हयातीत ही गाडी घाट चढली, समुद्रापर्यंत गेली, आणि कधी कुरकुरली नाही. पेट्रोलचा काटा तेवढा मेला होता, म्हणून बाबा टाकीत लांब काठी घालून पेट्रोल बघत.

बाबा गेले, गाडी माझ्या नावावर झाली, आणि काही दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरांचे बोलावणे आले: लहान मुलींना पियानो शिकवशील का? मी पत्र छातीशी धरून स्वयंपाकघरात नाचले होते. ते फक्त मोलकरणीने पाहिले.

हे म्हणाले, "जा की. मी कुठे नको म्हणतोय?"

पहिल्या दिवशी मी निघाले. गल्ली, बाजार, गिरणीचा रस्ता, सगळीकडे गाडी लोण्यासारखी. नदीच्या पुलाचा चढ लागला आणि ती मिसिंग करू लागली. आधी एखादा गचका, मग गचक्यांमागून गचके, मग जणू घशाला कोरड पडावी तसा आवाज, आणि बरोबर पुलाच्या तोंडाशी ती बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. एका ट्रकवाल्याने डोके बाहेर काढून विचारले, "ताई, मालकांना सांगून आणलीय ना?"

निरोप मिळताच हे स्कूटरवरून आले. कमरेचा जुडगा काढला, टाकीचे झाकण उघडले, फुस्स असा आवाज झाला, काठी घालून पेट्रोल पाहिले, झाकण लावले, आणि चावी फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू.

"बघ. माझा हात लागला की चालते. हिला तुझी सवय नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. यांनी गाडी चालवली की ती पुलापलीकडे सुखाने जाई, कारण हे निघण्यापूर्वी आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर काठीने पेट्रोल बघत. तो त्यांचा नेमच होता. पण त्या 'कारण'चा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

मिस्त्री झाले. पहिल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला. तिसरा म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे, आणि टाकी रिकामी करून घेतली. चौथ्याने पेट्रोलचा पंप नवा घातला. प्रत्येक वेळी हे जुडगा घेऊन शेजारी उभे, स्वतः झाकण उघडणार, स्वतः लावणार, कारण मिस्त्री लोक पेट्रोल काढून घेतात असे त्यांचे ठाम मत. मिस्त्री गल्लीत एक चक्कर मारत आणि म्हणत, "मस्त चालतेय की, बाई." गल्लीत ती मस्तच चालत असे.

तुम्ही विचाराल, बस नव्हती का. होती. घराच्या कोपऱ्यावर थांबत असे. हे म्हणाले, "दारात एवढी गाडी उभी असताना आमच्या घरची बाई बसला लोंबकळणार? लोक काय म्हणतील?" म्हणजे गाडी होती म्हणून बसने जायचे नाही, आणि गाडी पुलापुढे जात नाही. ह्या दोन वाक्यांच्या मध्ये मी संसार केला. सिस्टरांनी वाट पाहिली, मग दुसरी बाई ठेवली. मी भाजी, दवाखाना, मुलाची शाळा, एवढ्या वर्तुळात गाडी चालवत राहिले, आणि पूल दिसला की आपोआप वळवत राहिले. पुढे पुढे मला वाटू लागले की गाडीत काही नाही, माझ्या हातातच काही कमी आहे. माझ्याच घरात ही चेष्टा रुजली. चिरंजीव लहानपणी पाहुण्यांना सांगत, "आई पुलापर्यंतची ड्रायव्हर आहे."

आता सून. ती प्रयोगशाळेत काम करणारी, कमी बोलणारी, चहात आले जास्त घालणारी मुलगी. तिला पुलापलीकडच्या इस्पितळात नेमणूक मिळाली. चिरंजीव जेवताना म्हणाले, "जा की. मी कुठे नको म्हणतोय? पण बसची दगदग नको, आपल्याला शोभत नाही. आणि ही गाडी बायकांना पुलावर दगा देते. आईला विचार."

माझा घास हातातच राहिला. तेच शब्द, त्याच खुर्चीतून. सुनेने माझ्याकडे पाहिले, आणि मी खाली पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तेलाचा नवा डबा फोडत होते. एक भोक पाडले आणि बरणीत ओतू लागले. तेल गचके खात पडू लागले: थोडे आले, अडले, डबा गुडगुडला, पुन्हा थोडे, मग थांबलेच. सून ओट्यापाशी कप विसळत होती.

"आई, दुसरं भोक पाडा ना. आत हवा नको का जायला?"

मी डबा हातात धरून तशीच उभी. आयुष्यभर मी डब्याला दोन भोके पाडत आले आहे. त्या दिवशी घाईत एक पाडले. विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर पालथ्या पेल्याचा प्रयोग करत, तो डोळ्यांपुढे आला. आणि कानात तो फुस्स.

"आई? पत्रा लागला का?"

"अगं," मी म्हटले, "टाकीच्या झाकणाला कुलूप आहे."

"हो. मग?"

"बाबांच्या झाकणाला नव्हतं. बाबांच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं."

तिला माझ्या आधी कळले. तिने कप खाली ठेवला. बाबा गेल्यावर, शेजाऱ्याच्या गाडीतले पेट्रोल चोरीला गेले, तेव्हा यांनी बाबांचे झाकण काढून कुलुपाचे बसवले होते, चांगले घट्ट, वाराही न शिरणारे. इंजिन पेट्रोल ओढून घेई आणि त्या जागी हवा आत शिरू शकत नसे. पुलापर्यंत पोचता पोचता टाकी मागे ओढू लागे. मग हे येत, झाकण उघडत, हवा आत धावे, आणि गाडी चाले. त्यांच्या हातात काही जादू नव्हती. त्यांच्या हातात किल्ली होती.

बाबांचे झाकण डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेले सापडले. भोकात माती होती. सुनेने ती सुईने काढली. कुलुपाची किल्ली यांच्या उशाशी, पाण्याच्या भांड्याखाली असते. आजारपणापासून ती रोज पुसून तिथेच ठेवत होते मी.

झाकण बदलले आणि एकटीच गेले. गल्ली, बाजार, गिरणीचा रस्ता. पुलाचा चढ लागला तसे माझे हात आपोआप वळायला लागले; मी ते धरून ठेवले. गाडी चढली. नदी खालून गेली. पलीकडच्या पहिल्या झाडाखाली मी गाडी थांबवली, आणि शाळेचा रस्ता डाव्या हाताला दिसत होता. गाडी सुरूच होती, घड्याळाच्या काट्यासारखी शांत. बराच वेळ मी तिचा आवाज ऐकला. मग वळवली आणि घरी आले.

यांना मी सगळे सांगितले. आजाराने त्यांचे शब्द सावकाश येतात.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारले.

"नाही गं. तो फुस्स… मला वाटायचं, पेट्रोलची वाफ." त्यांनी मान खिडकीकडून माझ्याकडे वळवली. "म्हणजे तू… जाऊ शकली असतीस?"

"हो."

"आज गेलीस?"

"गेले होते."

"मग परत का आलीस?"

"तुमच्या औषधाची वेळ झाली होती."

त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. मला खूप वाईट वाटले, त्यांच्यासाठीही. पण मला हे नोंदवून ठेवायचे आहे की गाडीत काही बिघाड नव्हता, तरीही मी वळले.

कलम पाचवे. बाबांच्या हत्यारांची पेटी सुनेला. कुलुपाचे झाकण, त्याच्या किल्लीसह, चिरंजीवांना. ते कोणत्याही टाकीवर बसवू नये. टेबलावर ठेवावे आणि बायकोला काही सांगण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहावे. बाळा, तुझ्यावर राग नाही. तू जे ऐकलेस तेच बोललास, आणि ते ऐकताना मी गप्प बसलेली तू पाहिलीस.

कलम सहावे. चौथ्या कलमात गाडी सुनेला द्यायची असे मी ठरवले होते आणि तसे लिहूनही झाले होते. वकीलबाई म्हणाल्या, "हे तुमच्या मरणानंतर लागू होईल हं." मी विचारले, तिची नेमणूक तोवर थांबेल का? त्यांनी पर्समधून गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे कागद काढले. मी त्यांवर सही केली आहे. म्हणून चौथे कलम रद्द समजावे. गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही.

आज सकाळी सून ती घेऊन निघाली. फाटकाशी काच खाली करून म्हणाली, "आई, संध्याकाळी येते."

मी म्हटले, "बघ, जमलं तर."

आत्ताच चिरंजीवांचा कामावरून फोन आला. "आई, गाडी दिसत नाही असं शेजारी म्हणतायत. पुलावर अडकली असेल ना ती? मी किल्ली घेऊन निघू?"

"किल्लीची गरज नाही," मी सांगितले, आणि फोन ठेवला. यांच्या औषधाला थोडा अवकाश आहे, तोवर हे पुरे करते.

वरील सर्व मी वाचून, समजून, माझ्या मर्जीने लिहिले आहे. पुढील दोघींनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. दोघींनाही यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार पहिली: शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण, दातांची डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसरी: समोरच्या घरातल्या शिवणकामवाल्या बाई, ज्यांनी आज सकाळी गाडी वळणाआड जाताना पाहिली. (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)

तारीख: सहीखाली हाताने घातली आहे.

स्थळ: राहते घर, पुलाच्या अलीकडे.