दाराला बांधलेला ताणा

आई,

बाबांच्या छातीत कळ आली आहे. त्यांना घेऊन चौकापुढच्या दवाखान्यात जाते आहे. तुमचा फोन ओट्यावरच राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी. शेजारचे काका गाडी काढताहेत, तेवढ्यात लिहिते.

तुमच्या मागावरची नक्षीची पट्टी मी कापली. बाबांनी आतून हाक मारली, पण त्यांचं दार आत ढकललं तर उघडेना. माग खिडकीच्या गजाला आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांचं टोक त्यांच्या दाराच्या बाहेरच्या कडीला, असं घट्ट बांधलेलं होतं. गाठ सोडवताना नखं तुटली. बाबा आतून म्हणत होते, "कापू नकोस, तिचं सहा आठवड्यांचं काम आहे. थांबतो मी." त्यांचा आवाज ऐकून माझा धीर सुटला आणि मी कात्री घेतली.

कडी तुम्ही मुद्दाम बांधून गेलात असं मला वाटत नाही. यांनाही फोनवर मी तसं काही बोलले नाही. बाबांना एवढंच म्हणाले, की आई बाजारात गेल्यात, घाईत विसरल्या असतील. "विसरलीच असेल," असं ते दोनदा म्हणाले.

त्यांची औषधांची फाइल आणि चष्मा घेऊन लगेच या. धागे आवरत बसू नका. माझ्यावर काय रागवायचं ते घरी आल्यावर रागवा. पण तुमचा-बाबांचा पंधरा दिवसांचा अबोला आज तुम्हीच मोडा. ते मोडणार नाहीत, आणि बाहेर येऊन बसल्यापासून रस्त्याकडे बघताहेत ते तुमच्यासाठीच.

— तुमची धाकटी सून