आबांचा गुडघा

२० ऑगस्ट १९४८, शुक्रवार. सकाळपासून उघडीप. दोन म्हशी, तीन गायी चारून आणल्या. दुपारी खोपोलीचा दूधवाला येऊन गेला.

आबा, त्याला रोज दोन शेर दूध जास्त हवं आहे. म्हणाला, "पळसदरीकडचा अर्धा माळ कुलपात ठेवलाय काय? सोडा की जनावरं." मी तुमचा नियम सांगितला. अर्ध्यावर जनावरं चरतात तोवर उरलेला अर्धा बंद, आणि तिथलं गवत गुडघ्याला लागल्याशिवाय कवाडी उघडायची नाही. तो लगेच आत जाऊन उभा राहिला. माणूस बुटका. "ह्ये बगा, लागलं." ओट्यावरून आई म्हणाली, "आता खाली बस, म्हंजे गळ्याला लागंल." तो हसला, पण मागणी सोडली नाही. उद्या उत्तर न्यायला येणार आहे.

गुडघा कोणाचा, हा प्रश्न तुमच्या हयातीत नव्हता. तुम्ही गवतात उभे राहून खाली बघायचात आणि आम्ही कोर्टाचा निकाल ऐकायला बसल्यासारखे ओट्यावर बसायचो. "नाय अजून," एवढाच निकाल. चार इयत्ता इंग्रजी शिकून आल्यावर मला हा अडाणीपणा वाटू लागला. तरी तुम्ही शेवटचे आजारी पडलात तेव्हा घोंगडी सारखी करायच्या निमित्ताने मी तुमचीच काठी तुमच्या पायाशी लावली. वाटलं, झोपलात. डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "तिरडीचं माप डोस्क्यापास्नं घेत्यात रं. गुडघ्यापुरती करतोस का काय?" मी म्हटलं, माळासाठी घेतोय. तुम्ही पाय सरळ केलात. "घे मंग. नीट घे."

त्याला आठ वर्षं झाली. दर पावसाळ्यात काठीवरच्या खाचेला गवत लागलं की मी कवाडी उघडतो. पण माळ तुमच्या वेळचा राहिला नाही. उतारावर टाकळा माजलाय, मधे मधे लाल माती उघडी पडलीय, खालच्या झऱ्याचं पाणी गढूळ येतं. लवकर चारल्याने श्रावणात दूध वाढतं खरं, पण दिवाळीनंतर वाळलं गवत पुरत नाही आणि म्हशी माझ्याकडे बघत उभ्या राहतात. आई विचारते, "त्यांचा गुडघा मेल्यावर खाली सरकला काय रं?" मी पावसावर ढकलतो.

गुडघा सरकलेला नाही. माप मी बरोबर घेतलं होतं. खाच मात्र तीन बोटं खाली पाडली, आठवडाभर आधी जनावरं सोडता यावीत म्हणून. तुम्ही पाय सरळ धरून पडला होतात, त्याच दुपारी.

हे आईला वाचून दाखवणार नाही. दूधवाल्याला नाही म्हणेन, तो दुसरा गोठा बघेल. मघाशी ती धारा काढायला गोठ्यात गेली तेव्हा मी काठी मांडीवर घेतली, जुन्या खाचेवर तीन बोटं ठेवली आणि त्यांच्या वर कोयत्याने नवी पाडली. मग माळावर जाऊन काठी गवतात उभी केली. नाय अजून. कवाडीला करवंदीची फांदी आडवी बांधली आणि परत आलो.