सव्वा मूठ गहू

जळगाव,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
प्रेमराजचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? चुडामणदाजींना सांग, गुडघ्याला तेल लावल्याने काही होत नाही, पण लावत राहा म्हणावं, तेवढंच घरात शांत बसतील. इकडे सगळं ठीक. किरण आठवीत गेल्यापासून आरशासमोरून हलत नाही. धाकटी स्नेहल बालवाडीत बाईंनाच रागावते. मधलीही बरी आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. मेघासमोर बोलता येत नाही. शिवाय हे बोललो तर तू हसशील, आणि तुझ्यामागोमाग मीही हसून मोकळा होईन.

पोरं वाढवण्याबद्दल आम्ही बापलोक फार बढाया मारतो. मोठ्याला धाक दाखवतो, धाकटीला डोक्यावर बसवतो. मधल्या पोराचं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. ते मागत नाही, म्हणून आम्ही देत नाही, आणि वर कौतुक करतो की किती समजूतदार. मीही असंच समजत होतो.

श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी तू गहू घेतलेस तो दिवस आठव. आई गेल्यापासून दोंडाईच्याला आपल्या घरी तूच घेतेस, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ. मधली तेव्हा दारात उभी होती. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पप्पा, आत्यानी मन्ही मूठ लिधी नही." तिच्या नावाची मूठ घ्यायचीच राहिली म्हणे. आम्ही सगळे हसलो. मेघा म्हणाली, "माझ्यातला रोट खा." पण तिने शेवटपर्यंत रोटाला हात लावला नाही. पौर्णिमेच्या आत रोट संपवायचे म्हणून आम्हीच ते संपवले.

त्याच पौर्णिमेला राखी होती. किरणच्या मनगटावर दोन राख्या होत्या. मी विचारलं, दुसरी कुणाची? तो म्हणाला, "माहीत नाही, स्नेहलनंच दोन बांधल्या असतील." मधली शेजारीच ओवाळणीचं ताट धरून उभी होती.

मग शाळेची रिक्षा तिला न घेता गेली. रिक्षावाल्या उखर्डूभाऊला मी चांगलंच झापलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "भाऊ, तुमना दोनच पोरे शेतस ना?" तीन वर्षं तो तिला नेतो आहे. आता मेघा चारच ताटं मांडते. पाचवं ताट पोर स्वतः उठून आणते. मेघाला हटकलं तर ती माझ्याकडे अशी बघते की मलाच भीती वाटते.

मी सगळ्यांना नावं ठेवत होतो. पोळ्याला आम्ही सगळे सासरी बोदवडला गेलो होतो. येताना गाडीत बसलो, खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून खूष होतो. गाडी हलली. फलाटावर एक मुलगी एकटी उभी होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. माझ्या मनात आलं, कुणाची असेल, आईबाप किती बेफिकीर. ती माझ्याकडेच बघत होती. हात करत नव्हती, रडत नव्हती. तो फ्रॉक मीच दिवाळीला घेतला होता, हे आठवेपर्यंत डबा फलाटाच्या टोकाला आला होता. मी उडी मारली, गुडघा फुटला. तिला घट्ट धरलं तेव्हा ती म्हणाली, "लागलं का पप्पा?"

अक्का, मला फार भीती वाटते.

तुझा गुरुवारी फोन आला होता. तू विचारलंस, "दोन्ही पोरं काय म्हणतात?" आणि मी म्हणालो, बरी आहेत.

ह्या पत्रात मी तिला मधली, मधली म्हणतो आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल. काल तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि पुढे काही आलंच नाही. मेघाला विचारलं, ती पोळपाट पुसत राहिली. दप्तर उघडून पाहिलं, वह्यांवर तिच्याच अक्षरात 'पाटील, तिसरी अ' एवढंच आहे. आधार कार्डांच्या पिशवीत चार कार्डं निघाली. शेवटी तिलाच विचारलं. बापाने पोरीला तिचं नाव विचारावं, काय वाटलं असेल तिला. जरा वेळ आठवून म्हणाली, "आत्याले माहीत शे."

बारशाला पाळण्यापाशी तिच्या कानात नाव तूच सांगितलंस. आम्हा सगळ्यांच्या आधी ते तुझ्या तोंडून निघालं. दाजींना विचारू नकोस, फोटो शोधत बसू नकोस. देव्हाऱ्यापुढे बस आणि आठव. सापडलं की आधी तिच्या नावाने सव्वा मूठ गहू काढ, मग ते नाव तुझ्या हाताने मोठ्या अक्षरात लिहून पाठव. पुढच्या श्रावणापर्यंत थांबता येणार नाही.

ती समोर बसून मी काय लिहितो ते बघते आहे. डाव्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं आहे, म्हणून अक्षर असं वाकडं आलं.

दाजींना नमस्कार. मेघाचा, किरणचा, ............... चा आणि स्नेहलचा तुला नमस्कार. मोकळी जागा तू भर.

तुझा,
प्रेमराज