एक देग रिकामी परत आली

मस्तगड, जालना
४ फेब्रुवारी २०२६

ती. अरुंधतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे नाशिकचे पत्र पावले. तुझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्याचे वाचून खेद झाला. माझे गुडघे अद्याप सत्ताधारी पक्षातच आहेत; केवळ जिना चढताना सभात्याग करतात.

गेली सव्वीस वर्षे धर्मादाय संस्थांना प्राप्तिकरापासून अभय मिळवून देण्याचे पुण्यकर्म मी करीत आलो, हे तू जाणतेसच. येथील अन्य वकील खून, बांध आणि घटस्फोट यांवर उदरनिर्वाह करतात. मी गोशाळा, वाचनालये आणि राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांसाठी पाणी ठेवणारी मंडळे यांवर. अशील सारे सत्पात्र, त्यामुळे शुल्क मागताना लाज मलाच वाटते. त्यात एप्रिलपासून कायदाच नवा येत आहे. म्हणजे मुखोद्गत कलमांचे माझे अर्धे पांडित्य मार्चअखेर कालबाह्य होणार.

परंतु आजचा संभ्रम वेगळ्याच कुळातला आहे. माझा शाळासोबती खुर्शीद याच्या अम्मींची, म्हणजे आपल्या हसीनाखालांची, भांड्यांची संस्था तुला आठवत असेल. चाळीस वर्षांपूर्वी चार तांब्याच्या देगांवर त्यांनी ती उभारली. कोणत्याही जातिधर्माच्या घरी लग्न असो वा मयत, देगा, पराती, झारे फुकट न्यावेत आणि घासून परत करावेत. देणग्यांतून दरसाल कल्हई होते. या संस्थेच्या करमाफीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना विचारणा झाली, की भांड्यांचे भाडे घेता काय. ‘नाही’ एवढे एकच पद पुरेसे होते. परंतु तुझ्या बंधूच्या लेखणीस एका पदावर थांबण्याची दीक्षा मिळालेली नाही. मी लिहिले, की या न्यासाची पात्रे कोणत्याही गृहस्थाच्या अंगणातून कदापि रिक्त परतत नाहीत; प्रत्येक जण त्यांत ओंजळभर अन्न घालूनच ती पाठवतो. वाक्य इतके साधले, की मी ते दोनदा मोठ्याने वाचले. माझी सहायक वकील तृप्ती हिने ते गाळावे असे सुचवले होते; मी तिला रसिकतेवर प्रवचन दिले.

अधिकाऱ्यांचे उत्तर दीड ओळीचे आले. प्रत्येक वेळी काहीतरी परत येतेच, तर तो वस्तुरूप मोबदला आणि हा भाड्याचा धंदा, असे का मानू नये? दहा मार्चपर्यंत खुलासा हवा. नोंदणी गेली तर संस्थेच्या खोलीच्या बाजारभावावर कर बसेल, आणि तो भरण्यास देगा मोडीत काढण्यावाचून मार्ग नाही. माझ्या एका अलंकाराने, ताई, हसीनाखालांच्या देगा भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवल्या आहेत. अन्न घालणे ऐच्छिक आहे हे मला ठाऊक आहे. पण जे झाडून सारेच करतात ते ऐच्छिक कसे, हे मलाही सांगता येईना.

लोभाचे नूतनीकरण विनाअर्ज होत राहावे, ही विनंती.

तुझा,
भालचंद्र


नाशिक
११ फेब्रुवारी २०२६

चि. भालचंद्र यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना मधे दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. तुझी मीना असती तर तिने तो मसुदा तुझ्या हातून काढून घेतला असता. तिला जाऊन या महिन्यात दोन वर्षं होतील, आणि दोन वर्षांत तुझ्या वाक्यांना कोणी आवरलेलं नाही. निदान त्या तृप्तीचं ऐकत जा.

मला कायदा कळत नाही, पण मी तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. ‘प्रत्येक वेळी’ म्हणणाऱ्याला खोटं ठरवायला एकच उदाहरण पुरतं. कोणीतरी कधीतरी देग रिकामी परत केली असेल आणि खालांनी त्याला काही म्हटलं नसेल, तर तुझा खुलासा तिथेच झाला. असं घर असेल. खुर्शीदला विचार. जास्त लिहीत नाही.

औषधं वेळेवर घे. रागावले असले तरी जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझी,
ताई


मस्तगड
२४ फेब्रुवारी २०२६

जनाब वकीलसाहेब भालचंद्र यांना खुर्शीदचा सलाम.

घर दोन गल्ल्या सोडून असताना कागद कशाला, असं म्हणशील. शाळेपासून तूच म्हणून राह्यला ना, की सगळं लेखी पाहिजे? मंग घे लेखी. रोजे चालू हायेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

तू सांगितलेलं अम्मीला विचारलं. आधी तिनं टाळलं. मंग म्हणाली, एक घर हाये. देग अशी घासून आल्ती की तोंड दिसावं, पर आत दाणा न्हवता. मी नाव विचारलं तर म्हणाली, त्या घरावर तवा जे गुजरलं होतं त्यात माणूस सोताचं नाव विसरतो, तू देगचं काय घेऊन बसला. मी म्हटलं, अम्मी, सरकारला नाव लागतं, न्हाई तर देगा जातील. तर म्हणाली, जाऊ दे. कोणाच्या गमीचा कागद करून मला देगा न्हाई वाचवायच्या.

आता तूच सांग, मी काय करू? भांडून भांडून थकलो. तुझं ते वाक्य मात्र तिला लई आवडलं. दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाली, भालूनं बराबर लिहिलं. ज्या वाक्यानं आपलं घर बुडून राह्यलं, त्याचीच तारीफ!

दुवा करतो, तूही देवाला सांग.

खुर्शीद


मस्तगड, जालना
२६ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गणित अचूक, परंतु उदाहरण अप्राप्य. खुर्शीदचे पत्र सोबत जोडले आहे. सव्वीस वर्षे मी नाव लपवू पाहणाऱ्या दात्यांशी झगडलो. न देणाऱ्याचे नाव लपवणारी विश्वस्त मात्र प्रथमच पाहिली.

निरुपायाने मी स्वतः शोधार्थ निघालो. गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरी मयत झाली, अशा एकेकास नम्रपणे विचारले, की आपल्याकडून देग कधी रिक्त गेली होती काय. परिणाम भीषण झाला. राधेश्याम मिठाईवाल्याने मातोश्रींच्या दिवसांना सव्वा किलो बुंदी घातल्याचे सिद्ध करण्यास दोन साक्षीदार उभे केले आणि नंतर माझ्याशी बोलणे सोडले. एक कुटुंब शहागडला स्थलांतरित झाले आहे, तेथपर्यंत गेलो. तेथील बेबीनंदाबाईंनी आपण खिचडी घातली होती, तीही तुपाची, असे इतक्या त्वेषाने सांगितले, की हायवेवरचे ट्रकवाले थांबून ऐकू लागले. जो तो स्वतःस निर्दोष ठरवतो आहे, आणि प्रत्येक निर्दोष माणसागणिक माझे प्रकरण खोल बुडते आहे.

कोण असेल ताई तो मनुष्य, ज्यास एवढेही भान राहिले नाही? त्याचा राग यावा की त्याचे पाय धरावेत, याचा निर्णय होत नाही. तृप्ती म्हणते, मुदत बारा दिवसांची आहे, पाय नंतर धरावेत.

तुझ्या आशीर्वादावर कर नाही, तेव्हा तो सढळ हाताने पाठवावा.

तुझा गोंधळलेला,
भालचंद्र


नाशिक
२ मार्च २०२६

चि. भालचंद्र यास,
अ. उ. आ.

बसून वाच. तो माणूस तू आहेस.

मीनाच्या तेराव्याला खालांकडची मोठी देग आणली होती. दुसऱ्या दिवशी मी ती चिंचेने घासली आणि आत ठेवायला शिऱ्याचा डबा भरून ओट्यावर ठेवला. तू म्हणालास, मीच पोचवून येतो, आणि रिक्षात देग घालून निघालासही. मी मागे वळले तर डबा ओट्यावरच. तू आलास, हातपाय धुतलेस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास.

संध्याकाळी मी डबा घेऊन खालांकडे गेले. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, आता घेतला तर कधीतरी त्याच्या कानावर जाईल की तो विसरला होता. राहू दे, त्याच्यावर आधीच लई झालंय. येताना तो शिरा मी रिक्षास्टँडवर वाटून टाकला.

मागच्या पत्रातच सांगायला हवं होतं. खालांना शब्द दिला होता, म्हणून ‘असं घर असेल’ एवढ्यावर थांबले. आज शब्द मोडते आहे. वकील म्हणून काय करायचं ते तू ठरव. भाऊ म्हणून आधी जेवून घे.

तुझीच,
ताई


मस्तगड, जालना
१९ मार्च २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. प्रथम तुझ्या सांगण्यानुसार जेवलो. मग आठवू लागलो. रिक्षा आठवते, खालांच्या दारातले नीलगिरीचे झाड आठवते. देग आठवत नाही.

वकील आणि साक्षीदार यांनी एकाच प्रकरणात एकाच देहात नांदणे शिष्टसंमत नाही. म्हणून वकीलपत्र तृप्तीच्या हवाली केले. शपथपत्राचा मसुदा मी चार पानी केला होता. तिने तो तीन ओळींवर आणला. पत्नीच्या तेराव्यानंतर मी देग रिकामी परत केली. माझ्याकडे कोणी काही मागितले नाही. उशिरा नेलेले अन्नही घेतले नाही. या शेवटच्या ओळीस तू पाठवलेले शपथपत्र जोडले. सही करण्यापूर्वी एखादे विशेषण घालावे म्हणून मी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिलो. एकही बसेना.

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून पुसला आणि सुनावणी संपवली. परवा आदेश आला. नोंदणी कायम राहिली. खुर्शीदने पेढे वाटले, राधेश्याम माझ्याशी पुन्हा बोलू लागला. हसीनाखालांनी मात्र, भालूच्या घरचं नाव कागदात कशाला घातलं, एवढेच विचारले आणि तोंड फिरवले. ज्या वाक्यावर त्या प्रसन्न होत्या त्याने त्यांची संस्था बुडत होती. ज्या वाक्याने ती तरली त्यावर त्या रुष्ट आहेत. सव्वीस वर्षांच्या अनुभवात याला कलम सापडत नाही.

आता खरी अडचण ऐक. ईदेला शिरा करून न्यावा, असे मनात आले. तृप्तीने लेखी सल्ला दिला, की आता काही नेल्यास ते थकलेले भाडे दिसेल. पुढील नूतनीकरणापर्यंत साक्षीदाराने त्या घरी रिकाम्या हातानेच जावे. सल्ला निर्दोष आहे. तिला मीच घडवले. आयुष्यभर मी लोकांना असेच सल्ले दिले आणि ते घेऊन घरी गेल्यावर लोक काय करत असतील, याचा विचार कधी केला नाही.

आज चंद्र दिसला तर उद्या, नाही तर परवा ईद. रुष्ट असूनही खालांनी खुर्शीदकरवी जेवणाचे आमंत्रण धाडले आहे. मी जाणार आहे. केवळ त्यांनी दार उघडल्यावर हे दोन हात कुठे ठेवायचे, ते काही केल्या कळत नाही. तुला सुचल्यास फोन कर. पत्र वेळेत पोचणार नाही.

तुझा,
भालचंद्र