पेला रतनला, घर कोंडाजीला, पण फेटा बांधला तर

मी धोंडिबा गेणू शेलार, राहणार मौजे उंबरदरी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, धंदा शेती व जत्रेतला सोंगाड्या, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नव्हे, राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत. डोकं आणि जीभ शाबूत आहे.

१. भातखाचरे मुलगा कोंडाजी व मुलगी रतन यांना निम्मी निम्मी. बांधावरून भांडलात तर याद राखा.

२. टेलिव्हिजनचा संच चावडीला. पुढाऱ्यांची टिंगल लागली म्हणून तो कोणी बंद करू नये. चौऱ्याहत्तर साली मी स्वतः त्यात दिसलो, हे मावळात पोरासोरांना ठाऊक आहे, तरी कागदावर असू द्या. तेव्हाचे सरपंच भिमाजी यांनी वाजतगाजत नळाचं उद्घाटन केलं आणि नळाला पाणीच नव्हतं. त्याचं सोंग मी आधी जत्रेत केलं, मग मुंबईला टेलिव्हिजनवर. नळाखाली पितळी पेला धरून म्हणालो, "सायेब, तुमी भाषण करा, आमी तवर पेला धरतो." कामशेतच्या दुकानापुढं माणसं रस्ता अडवून हसली. सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत पुढारी मतं मागायला आला की लोक गप उभे राहून रिकामा पेला वर धरायचे. कार्ल्यात धरले, नवलाख उंबऱ्यात धरले, पार विदर्भातही धरल्याचं पाहुण्यांनी सांगितलं. आमच्या नळाला तर त्याच्या आधीच पाणी आलं होतं. अर्ज करून जे झालं नाही ते हसून झालं आणि ते माझ्या तोंडून झालं, याचा मला लय अभिमान आहे.

३. तो पेला रतनला. भावाची चाल, त्याचं खाकरणं ती अशी हुबेहूब करते की मी बाप असून फसतो. बाईमाणसानं सोंग घेऊ नये म्हणणाऱ्यांनी खुशाल घरी बसावं.

४. राहतं घर कोंडाजीला, पण अट आहे. आमच्या गावची रीत अशी, की ज्याचं सोंग निघेल त्यानं सगळ्यांसमोर सोंगाड्याला फेटा बांधायचा, मगच देवाची पालखी उठते. कोंडाजी आता सरपंच आहे. शाळेवर पत्रे नाहीत, म्हणून रतन यंदा त्याचं सोंग काढणार, तर यानं सोंगच बंद केलं! मला म्हणतो, "आबा, माजं सोंग निघालं तर गावात माजी काय किंमत ऱ्हाईल?" अरे लेका, ज्या हसण्यावर तुझा बाप मोठा झाला तेच तू बंद करतोस? मला फार लागलं. येत्या चैत्रातल्या जत्रेत त्यानं पुढं बसून सोंग बघावं आणि बहिणीला स्वतःच्या हातानं फेटा बांधावा. न बांधल्यास घर रतनचं.

५. म्हातारा भ्रमला होता असं कोंडाजी म्हणेल, म्हणून साक्षीला भिमाजींनाच बोलावलं. ते म्हणाले, "फेटा बांधताना मला बी वाटलं, आता आपली किंमत गेली, धोंडिबा. पर बांधला, पाणी आणलं, म्हून तर लोकांनी परत निवडून दिलं." कोंडाजी, हे नीट वाच.

मौजे उंबरदरी, १८ फेब्रुवारी १९७९
सही: धोंडिबा गेणू शेलार

साक्षीदार: कस्तुराबाई दत्तोबा येवले, शेजारीण (अंगठा)

साक्षीदार: भिमाजी सावळा शेलार, माजी सरपंच. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहे. माझं सोंग काढलं तेव्हाही होता.